हॅलोवीन तुमच्या दारात : अनुभव लिहा

ऑक्टोबर संपत आला की हॅलोवीनबद्दल (३१ ऑक्टोबरला मुलं वेश घालून दारोदार खाऊ मागतात तो सण) दरवर्षी तेच दोन प्रश्न येतात. "हे अमेरिकन खूळ आपल्याला कशाला?" आणि "भुताखेतांचा कसला आलाय सण?" मी गेली चौदा वर्षं आयर्लंडमध्ये, मीथ काउंटीत राहते. पहिला प्रश्न ऐकला की मला गप्प बसवत नाही, म्हणून हा धागा. वाद नकोत, अनुभव हवेत. तुम्ही राहता तिथे ३१ ऑक्टोबरला प्रत्यक्षात काय होतं, जुनी माणसं काय सांगतात, तुमच्या दारात कोण आलं आणि तुम्ही काय दिलंत ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

मीथ, आयर्लंड

आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावच 'साउइन' आहे. हिवाळ्याच्या पहिल्या दिवसाचं आणि त्या दिवसाच्या सणाचंही तेच नाव. उन्हाळ्यात चरायला वर नेलेली गुरं खाली आणायची, थंडीत पोसता येणार नाहीत ती कापायची. जुन्या हिशेबात दिवस मावळतीला सुरू होतो, म्हणून १ नोव्हेंबरचा सण आदल्या संध्याकाळीच लागतो. त्या रात्री हे जग आणि परलोक यांमधलं दार उघडं राहतं, घरातली गेलेली माणसं येऊन जातात आणि त्यांच्या पाठोपाठ नको ते पण येतं, अशी समजूत. तोंडाला काजळी फासून जुनेर घालायचं ते त्या 'नको त्या'ने ओळखू नये म्हणून.

आमच्या इथे अथबॉय गावाजवळ हिल ऑफ वॉर्ड नावाची बुटकी टेकडी आहे. साउइनला इथे मोठी होळी पेटायची आणि मुलखातल्या चुली विझवून त्याच विस्तवाने पुन्हा पेटवायच्या, अशी परंपरा सतराव्या शतकातल्या आयरिश इतिहासग्रंथात नोंदलेली आहे. आजही त्या संध्याकाळी लोक मशाली घेऊन टेकडी चढतात. मी दोनदा गेले आहे. चिखल, वारा आणि मशालीचा धूर डोळ्यांत. शिमग्याच्या रात्रीसारखंच वाटलं.

पण खरं हॅलोवीन मला शेजारच्या आजींनी दाखवलं. आता कंदिलासाठी भोपळा कोरतात, त्यांच्या लहानपणी तो कोणी बघितलासुद्धा नव्हता. कंदील करायचे ते टर्निपचे. आपल्या सलगमासारखा, पण नारळाएवढा नि दगडासारखा टणक कंद. एका वर्षी त्यांनी मला समोर बसवून तो कोरायला लावला. सुरी आत जाईना. मग त्यांनी स्वयंपाकघरातला एक जुना, कडा झिजलेला चमचा काढून दिला. त्याने खरवडत बसायचं, चिमूट चिमूट गर निघतो. दीड तासाने तळहाताला फोड आला तेव्हा कुठे मेणबत्ती मावेल एवढी पोकळी झाली. डोळे, नाक, वाकडे दात कापले, आत ज्योत ठेवली आणि झाकण जळल्याचा उग्र, गोडसर वास घरभर झाला. आजी म्हणाल्या, हाच वास. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भोपळ्याचा चेहरा हसरा असतो, टर्निपचा मेलेल्या माणसाचा वाटतो. मेयो काउंटीत टर्लो पार्कच्या संग्रहालयात अशा एका कंदिलाची प्रतिकृती ठेवली आहे, मूळ कंदील डोनेगालच्या फिनटाउन गावचा. ती बघितल्यावर मला पहिल्यांदा या सणाची खरी भीती वाटली.

दुसरी गोष्ट ब्रॅकची. चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा गोडसर पाव. त्यात पूर्वी अंगठी, नाणं, चिंधी, काडी आणि वाटाणा घालत. अंगठी आली तर वर्षात लग्न, नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर गरिबी, काडी आली तर कटकटीचा संसार, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही. आता दुकानातल्या ब्रॅकमध्ये फक्त अंगठी उरली आहे.

मुलं दारात येऊन काय म्हणतात तेही बदललं. डब्लिनकडचे लोक सांगतात की त्यांच्या लहानपणी आरोळी असायची 'हेल्प द हॅलोवीन पार्टी' आणि पिशवीत पडायचे शेंगदाणे, अक्रोड, सफरचंद. आता सगळीकडे 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) आणि चॉकलेट. म्हणजे आयर्लंडहून अमेरिकेला गेलेला सण भोपळा आणि नवी आरोळी घेऊन माहेरी परतला आहे.

एडिसन, न्यू जर्सी

आम्ही १९९७ साली इथे आलो. पहिल्या वर्षी कोणी काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बेल वाजली, दारात एक वाघ, एक परी, एक सांगाडा. बायकोने आदल्या दिवशीच दिवाळीचे बेसनाचे लाडू केले होते, तेच तिघांच्या पिशवीत घातले. मागे उभी असलेली आई अतिशय नम्रपणे म्हणाली, घरी केलेलं आम्ही घेत नाही, बंद वेष्टनातलंच घेतो. बायकोला ते फार लागलं. दारात आलेल्या मुलाला घरचं दिलेलं चालत नाही ही गोष्ट तिच्या पचनी पडायला काही वर्षं गेली.

कारण नंतर कळलं. १९८२ साली शिकागोकडे वेदनाशामक गोळ्यांच्या बाटल्यांत कोणीतरी सायनाइड घातलं, सात माणसं गेली. महिन्याभरात हॅलोवीन होतं. खाऊत विष, सफरचंदात ब्लेड ही भीती आधीपासून होतीच, ती तेव्हा घट्ट बसली. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याचं एकही प्रकरण त्यांना सापडलं नाही. तरी आजही मुलं घरी आली की आईबाप आधी पिशवी पालथी करून एकेक वेष्टन बघतात. मीही बघत होतो.

आमच्या गल्लीत तेव्हा एक म्हातारे गृहस्थ राहायचे. ते सांगायचे की त्यांच्या लहानपणी 'ट्रिक' खरोखरची असे. लोकांची फाटकं उचलून भलतीकडे नेऊन ठेवायची, खिडक्यांना साबण फासायचा, परसातला संडास उलथवायचा. तीसच्या दशकात हा धुमाकूळ इतका वाढला की गावोगावी लोकांनी मुलांसाठी मिरवणुका आणि मेजवान्या सुरू केल्या. मिनेसोटातल्या अनोका गावाने तर १९२० सालीच मिरवणूक काढली होती. पुढे महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, ते उठल्यावर घरोघर खाऊ मागणं सगळीकडे रुजलं. थोडक्यात, मुलांनी त्रास देऊ नये म्हणून मोठ्यांनी केलेला तह आहे हा.

नियम एकच: व्हरांड्याचा दिवा लागलेला असेल तर बेल वाजवायची, नसेल तर पुढे जायचं. हा नियम मला फार आवडतो. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करतात, ती २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे हॅलोवीननंतर, त्यामुळे आता लहान पोरं उजेडातच येऊन जातात, अंधाराची मजा मोठ्यांच्या वाट्याला.

२०२४ साली आमच्याकडे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आलं. पायरीवर पणत्या, शेजारी नातवाने कोरलेला भोपळा. सहासात वर्षांची एक चेटकीण वाकून पणतीकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, "हा तुमचा भोपळा का?" बायको म्हणाली, "हो गं बाई." त्या दिवशी तिने चॉकलेटबरोबर ओळखीच्या घरच्या मुलांना लाडू दिले. त्यांच्या आयांनी घेतले.

एडिनबरा, स्कॉटलंड

आमच्याकडे फुकट काही मिळत नाही. इथे याला गाइझिंग म्हणतात. दारात उभं राहून गाणं, कविता, विनोद, काहीतरी करून दाखवायचं, मग खाऊ. माझी लेक पहिल्या वर्षी सहा वर्षांची होती. तिसऱ्या घरात एक आजोबा दार उघडून म्हणाले, "तू काय करून दाखवणार?" तिची वाचाच बसली. मी मागून खुणा करतेय, तिला काही सुचेना. मग एकदम तिने साताचा पाढा सुरू केला. मराठीत! सात एके सात, सात दुणे चौदा, थेट सात दाहे सत्तरपर्यंत, शाळेतल्यासारखा हेल काढून. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकला, टाळ्या वाजवल्या आणि मूठभर शेंगदाणे आणि एक पौंड दिला. पुढच्या वर्षी त्यांनी दार उघडून विचारलं, "आठाचा येतो का?"

मुलांच्या पार्टीत पाण्याने भरलेल्या घंगाळात सफरचंदं सोडतात, हात न लावता तोंडाने पकडायची. नाहीतर खुर्चीवर गुडघे टेकून दातांत काटा धरायचा आणि वरून नेम धरून सोडायचा. दोरीला टांगलेले काकवी लावलेले स्कोन (छोटे गोल पाव) तोंडाने खायचे, हा तर आपल्या दहीहंडीइतकाच चिकट प्रकार. अलीकडे काही मुलं नुसती पिशवी पुढे करतात. वरच्या मजल्यावरच्या बाई त्यांना सांगतात, आधी गाणं. मला त्यांचं पटतं.

वसई

वर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. हॅलोवीन या शब्दाचा अर्थच 'सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या' असा आहे. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, २ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावे प्रार्थनास्थळ अर्पण केलं. नवव्या शतकात १ नोव्हेंबर ही तारीख पश्चिमेकडच्या चर्चमध्ये पसरली, आणि २ नोव्हेंबर फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठातून, दहाव्या शतकाच्या अखेरीस. आयर्लंडच्या टेकडीवरची गोष्ट आणि आमच्या दफनभूमीतली गोष्ट एकाच तारखेला भेटतात.

आमच्या घरी तयारी आठवडाभर आधी. पावसाळा नुकताच संपलेला, गवत कमरेएवढं. बाबा विळा घेऊन जायचे, मी मागे पाण्याची कळशी. आजोबांच्या कबरीवरचं गवत काढायचं, कडेला चुना मारायचा, क्रूस पुसायचा. दोन तारखेला मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की सगळं गाव दफनभूमीत. शेवंतीच्या पाकळ्या, मेणबत्त्या, धर्मगुरू एकेका कबरीपाशी आशीर्वादाचं पाणी शिंपडत जाणार. समुद्राकडून वारा यायचा, मेणबत्ती टिकायची नाही. आजी ज्योतीभोवती तळहात धरून उकिडवी बसायची आणि त्या कबरीतल्या माणसाशी वर्षभराचं बोलायची. कोणाचं लग्न झालं, कोणाची वाडी विकली गेली. गरम मेण तिच्या बोटांवर ओघळायचं, ती हात हलवायची नाही.

आता मुलांना मुखवटे हवेत. धर्मग्रामात (आमच्या चर्चच्या हद्दीत) ३१ तारखेला मुलांना संतांचे वेश घालून आणायला सांगतात, तो तोडगा बरा आहे. माझी नात गेल्या वर्षी संत तेरेसा झाली होती. पण दोन तारखेला मी तिला बरोबर नेलंच, आणि मेणबत्ती तिच्या हातात दिली.

शिकागोजवळ, इलिनॉय

एडिसनच्या काकांचा लाडवांचा किस्सा वाचून लिहिते आहे. माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पहिली चार हॅलोवीन त्याने गोळा केलेल्या खाऊतला निम्मा मी घरी येऊन काढून घेतला, आणि तो रडत झोपला. मग कळलं की काही घरं मोरपंखी रंगाचा भोपळा बाहेर ठेवतात. तिथे खाऊऐवजी चेंडू, पेन्सिली, स्टिकर मिळतात. २०१४ पासून देशभर ही पद्धत पसरली. आमच्या रस्त्यावर असे तीन भोपळे आहेत, त्यातला एक आमचा. मुलगा बाकीच्या दोन घरांकडे पळत जातो.

पुएब्ला, मेक्सिको

इथे हॅलोवीन पाहुणं आहे, घरचा सण मृतांचा दिवस, १ आणि २ नोव्हेंबर. घरात मांडणी करतात: गेलेल्यांचे फोटो, त्यांचं आवडतं जेवण, पाणी, मीठ, मेणबत्त्या, गोड पाव आणि झेंडू. दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट, म्हणजे येणारा चुकू नये. आमच्या जवळच्या अत्लिश्को गावाभोवती या दिवसांत शेतंच्या शेतं केशरी असतात. दसऱ्याला ज्याच्या माळा आपण दाराला बांधतो तो झेंडू मूळचा इथला आहे, हे मला इथे येऊन कळलं.

मुलं टोपली घेऊन 'माझी कवटी द्या' असं म्हणत फिरतात, म्हणजे साखरेची. हल्ली त्यात स्पायडरमॅनही असतात. मेक्सिको सिटीतली प्रचंड मिरवणूक जुनी समजतात, पण ती २०१६ साली सुरू झाली, आदल्या वर्षीच्या बाँडपटात तशी मिरवणूक दाखवली होती म्हणून. गेल्या वर्षी घरमालकीणबाईंनी त्यांच्या मांडणीत माझ्या आईच्या फोटोला जागा दिली. "तिला काय आवडायचं?" असं विचारलं. मी साबुदाण्याची खिचडी केली.

पुणे

आमच्या सोसायटीत मुलं आली तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. आपल्याला काय करायचंय, असं वाटलं. हे सगळं वाचून यंदा व्हरांड्याचा दिवा लावून ठेवणार आहे. आणि मुलांना आधी पाढा म्हणायला लावणार आहे. मीथच्या ताई, तो ब्रॅक घरी कसा करायचा?

मीथ, आयर्लंड

शेजारच्या आजी आता नाहीत, पण कृती त्यांचीच लिहिते. बेदाणे आणि मनुका मिळून दोन वाट्या, पाऊण वाटी गूळ किंवा ब्राउन शुगर, त्यावर वाटीभर गरम कडक कोरा चहा ओतून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी फळं टम्म फुगलेली असतील, चहा निथळून टाकू नका. त्यात दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, एक अंडं, थोडी दालचिनी आणि जायफळ. पीठ केकपेक्षा घट्ट हवं. १७० अंशांवर तासभर, सुरी कोरडी बाहेर येईपर्यंत. गार झाला की जाड काप करून भरपूर लोणी लावून खा. अंगठी बेकिंग पेपरात घट्ट गुंडाळून भाजायच्या आधी मधोमध खुपसायची, आणि कापायच्या आधी लहान मुलांना सांगून ठेवायचं की आत अंगठी आहे, सावकाश चावा.