अनुभव धागा : पडद्यावर दुभंगलेली गावे आणि आपला शेजार

माझगावकर :
गेल्या शनिवारी रात्री 'शेजारी' पुन्हा पाहिला. धरण फुटते आणि हिंदू जीवबा व मुसलमान मिर्झा हे दोघे म्हातारे मित्र एकत्रच जीव गमावतात, त्या प्रसंगापाशी मला चित्रपट थांबवावा लागला, कारण तो मी पहिल्यांदा ज्या घरात बसून पाहिला त्या घरात आता ती माणसे नाहीत.

माझगावच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पहिला टीव्ही आला तो शेजारच्या घड्याळवाल्या चाचांकडे. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागत असे आणि अख्खा मजला त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत जमत असे. टीव्हीला लाकडी सरकते दार होते आणि ते उघडण्याचा मान चाचींचा होता. चाचांना मराठी उत्तम येत असे, पण जुन्या वळणाचे संवाद अडत, मग ते वडिलांना विचारत, "भाऊ, पाटील आत्ता काय म्हणाला?" आणि वडील हलक्या आवाजात सांगत.

जानेवारी १९९३ मध्ये, मुंबईच्या दंगलींच्या काळात, ते कुटुंब मुंब्र्याला गेले. त्यांच्या दारावर एकही दगड पडला नव्हता, मजल्यावर कुणी वाकडा शब्द बोलले नव्हते, तरी एका सकाळी टेम्पो आला. टीव्ही जिन्यावरून उतरवताना एक बाजू चाचांच्या मुलाने आणि दुसरी माझ्या वडिलांनी धरली होती. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्याची वायर हातात गुंडाळून मागून उतरत होतो. "जाऊ नका" असे आमच्यापैकी एकानेही म्हटले नाही.

प्रभातने हा चित्रपट १९४१ साली, पाकिस्तानची वाट उघडणाऱ्या लाहोरच्या ठरावानंतरच्या वर्षी काढला. त्यात दोन मित्रांमध्ये फूट पाडणारा माणूस बाहेरून येतो आणि त्याला धरण बांधायचे असते. आमच्या मजल्यावर असा बाहेरचा कुणीही आला नव्हता, आणि त्यामुळेच तो चित्रपट मला अर्धवट वाटतो आणि तरीही सोडवत नाही. धर्मावरून तुटलेल्या वस्त्यांची गोष्ट सांगणारा असा कोणता चित्रपट तुमच्या मनात राहिला आहे, आणि तो तुम्ही कुणासोबत पाहिला होता, हे कृपया लिहावे.

गिरगावची सून :
'लखलख चंदेरी' हे गाणे आमच्या घरी प्रत्येक समारंभात वाजते, पण ते या चित्रपटातले आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, आज सांगितले. सासरे आवर्जून सांगत असत की याच चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'मध्ये, हिंदू ठाकूर मझहर खान यांनी साकारला आणि मुसलमान मिर्झा आपल्या गजानन जागीरदारांनी. ही अदलाबदल जाणूनबुजून केली होती, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. पोळ्या व्हायच्या आहेत, उरलेले रात्री लिहिते.

कॅम्प नंबर तीन :
मी उल्हासनगरचा सिंधी, शिक्षण मराठी शाळेत झाले. 'गरम हवा' मी आजोबांसोबत पाहिला. फाळणीनंतर आग्र्याच्या सलीम मिर्झांचे भाऊ पाकिस्तानात जातात, हवेली त्या भावाच्या नावावर असल्यामुळे सरकारजमा होते आणि सिंधहून आलेल्या अजमानी नावाच्या व्यापाऱ्याच्या वाट्याला येते. थिएटरमध्ये किंवा घरी, जो कोणी हा चित्रपट पाहतो तो मिर्झांसाठी रडतो, आणि रडावेच असा बलराज साहनींचा अभिनय आहे. आमचे आजोबा मात्र अजमानीकडे पाहत होते. कराचीहून बोटीने मुंबईला उतरल्यावर त्यांची रवानगी कल्याणच्या लष्करी छावणीत झाली, जिला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. एका बराकीत अनेक कुटुंबे राहत आणि दोन कुटुंबांच्या मध्ये गोणपाट टांगलेले असे. आजी सांगत असे की पलीकडच्या बाळाला खोकला झाला की अलीकडे ओवा भाजला जाई. आजोबा चित्रपटभर गप्प होते आणि शेवटी एवढेच म्हणाले, "या माणसाला घर हवे होते, कुणाचेही चालले असते." अजमानी झालेले ए. के. हंगल स्वतःही कराची सोडून १९४९ साली मुंबईत आले होते, हे मला फार नंतर कळले. माझगावकर, तुमच्या मजल्यासारखाच या चित्रपटातही फूट पाडणारा बाहेरचा माणूस नाही. एक कायदा आहे, एक कागद आहे आणि स्टेशनवर एकेकाला निरोप देणारा एक म्हातारा आहे.

वर्सोवा :
'गरम हवा'त भाड्याचे घर शोधताना सलीम मिर्झांना घर पाहण्याआधीच आपला धर्म सांगावा लागतो, ते दृश्य मला बघवत नाही. लग्नानंतर आम्ही अंधेरीत घर शोधत होतो. माझे आडनाव मराठी आणि यांचे मुसलमान असल्याने एजंट आधी फोनवर गोड बोलत आणि कागदपत्रे मागितली की मालक परगावी गेलेले असत. आठव्या घराच्या वेळी यांनी दार उघडताच नाव सांगून टाकले. तोवर हा चित्रपट आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. पुढे पाहिला तेव्हा त्या दृश्याला यांनी माझा हात घट्ट धरला आणि आम्ही काहीच बोललो नाही.

गिरगावची सून :
वाचून गलबलून आले, ताई. आता घर नीट मिळाले आहे ना?

वर्सोवा :
होय, एका पारशी आजींनी दिले, आणि गेली अकरा वर्षे आम्ही तिथेच राहत आहोत.

भिवंडीकर मास्तर :
भीष्म साहनींच्या 'तमस' कादंबरीचा आणि तिच्यावरच्या मालिकेचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. आमच्या गावाशी 'तमस'चे नाते आहे. मे १९७० च्या भिवंडीच्या दंगलीनंतर भीष्म साहनी आपले भाऊ बलराज यांच्यासोबत इथे आले होते. जळालेल्या वस्तीतून हिंडताना त्यांना १९४७ चे रावळपिंडी आठवले आणि त्यातूनच ती कादंबरी आकाराला आली. मी त्या वेळी सहावीत होतो. मागांचा खडखडाट हा आमच्या गावाचा श्वास, आणि तो थांबल्यावर पहिल्या रात्री आम्हा मुलांना झोप लागली नव्हती, एवढे मला स्वच्छ आठवते.

गोविंद निहलानींची मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा ती बंद व्हावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी स्वतः ती पाहिली आणि प्रक्षेपणाला परवानगी दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. अंधाऱ्या खोपटात ओम पुरींचा नथू मारायला सांगितलेल्या डुकराशी झटतो तो पहिला प्रसंग सुरू झाला आणि माझी आई पदर तोंडावर घेऊन उठून गेली. दार मात्र तिने लावले नाही, स्वयंपाकघरातून ती ऐकत राहिली. नथूला काम सांगून पैसे देणारा माणूस नामानिराळा आणि पाप डोक्यावर घेऊन फिरणारा नथू एकटा. मागाच्या खात्यात बारा तास उभे राहणाऱ्या माझ्या वडिलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

परळची वाचक :
मास्तर, आपण शाळेत मुलांना 'तमस' दाखवला होता का? मला आठवीच्या वर्गाला दाखवायचा आहे, पण धीर होत नाही.

भिवंडीकर मास्तर :
सलग दाखवू नका, ती पाच तासांच्या जवळपास आहे. हरनामसिंग आणि बंतो आपले गाव सोडून रात्री चालत जातात आणि एका मुसलमान बाईच्या दारी आसरा मागतात, तेवढा भाग दाखवा. हरनामसिंग स्वतः भीष्म साहनी झाले आहेत आणि बंतो दीना पाठक. मी तोच भाग दाखवत असे आणि नंतर प्रश्न विचारत नसे.

माहीम बाजार :
माझे मत 'नसीम'ला. सईद मिर्झांनी तो १९९५ साली केला आणि त्यातले आजोबा कैफी आझमींनी. १९९२ च्या जून ते डिसेंबर या महिन्यांत एक शाळकरी मुलगी आजारी आजोबांच्या उशाशी बसून जुन्या आग्र्याच्या गोष्टी ऐकते, आणि बाबरी मशीद पडते त्याच सहा डिसेंबरला ते वारतात. दंगल जवळजवळ दिसतच नाही. मी त्या वर्षी नववीत होते आणि आमच्या घरातही ती तशीच आली : रेडिओचा आवाज, गच्चीवर जाण्याची बंदी, दूध आणायला वडिलांबरोबर काकांनीही जाणे. शाळा उघडल्यावर बाकावर माझ्या शेजारची मैत्रीण आली नाही. बाईंनी हजेरी घेताना तिचे नाव आठवडाभर पुकारले आणि नंतर तेही थांबवले.

धारावी नाईन्टी फीट :
'बॉम्बे' या चित्रपटाबद्दल मला राग आहे आणि तो स्पष्ट लिहितो. मुंबईच्या १९९२-९३ च्या ज्या दंगलीत चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले, तिच्या शेवटी लोक हातात हात घालून साखळी करतात आणि सगळे शांत होते, हे मला १९९५ साली थिएटरमध्ये पाहवले नाही. आमच्या गल्लीत असे काही घडले नव्हते. जे घडले ते सावकाश घडले : मोहल्ला कमिट्यांच्या बैठका झाल्या आणि एकमेकांकडे न बघणारी माणसे पोलिसांच्या समोर एकाच सतरंजीवर बसू लागली. आमच्याकडचे भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी चार धर्मांच्या वेशातली चार मुले दाखवणारे पोस्टर घरोघर पोहोचवले. त्या दोघांवर 'नाता' हा माहितीपट २००३ साली निघाला. त्यात आमची गल्ली आहे, कातड्याचे कारखाने आहेत आणि दोन मित्र आहेत. माझगावकरांनी तो जरूर पाहावा.

माझगावकर :
सर्वांचे मनापासून आभार. नाइन्टी फीटवाल्या दादांनी सांगितलेला माहितीपट शोधतो आहे. काल हे सगळे वाचल्यावर चाचांच्या मुलाला फोन केला. चाचा २००९ साली गेले. चाची आहेत, त्यांना ऐकू कमी येते. टीव्हीची पेटी त्यांनी टाकली नाही, आतले काढून त्यात औषधे ठेवतात आणि ते लाकडी दार अजूनही सरकते, असे तो म्हणाला. त्या सकाळच्या टेम्पोविषयी विचारायचे मी ठरवले होते, पण फोनवर ते जमले नाही. रविवारी घरी या, असे त्याने दोनदा सांगितले. वडील आता ब्याऐंशीचे आहेत, गुडघ्यांमुळे बाहेर पडणे त्यांनी बंद केले आहे. त्यांना हे सांगितल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग विचारले की मुंब्र्याच्या त्या इमारतीला लिफ्ट आहे का.