मदत हवी आहे: आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ – एका दिवसात चार घाट जमतील का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात एक दिवस रजा टाकून रत्नागिरीहून चार घाटांची फेरी मारायचा बेत आहे. दोन मोटरसायकली, दोघंच, मागे कुणी बसणार नाही. माझी युनिकॉर्न, मेहुण्याची हिमालयन. मेहुणा पुण्याचा. ताम्हिणी आणि वरंधा त्याचे पायाखालचे, त्यामुळे आपल्याकडचे घाटही तसेच, फक्त मधे मासे जास्त, असा त्याचा समज आहे. तो रस्त्यावर मोडण्याआधी इथेच मोडावा म्हणून हा धागा.

मार्ग असा: हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि मलकापूर गाठायचं. तिथून दक्षिणेला वळून अणुस्कुरा उतरायचा, पाचल-ओणीवरून राजापूर. मग महामार्गाने खारेपाटण, भुईबावडा चढून गगनबावडा, करूळ उतरून वैभववाडी, तळेरे आणि ६६ नंबरच्या महामार्गाने घरी. साधारण ३५० किलोमीटर भरतात.

मोबाईलवरचा नकाशा जे तास सांगतो ते मी धरत नाही. घाटात आणि आतल्या रस्त्याला ताशी ३५ची सरासरी मिळाली तरी खूप झालं, महामार्गावर ५० धरू. म्हणजे नुसतं चालवायचे नऊएक तास, चहा-जेवण-पाय मोकळे करणं धरून अकरा. डिसेंबरात उजेडही जेमतेम अकरा तासांचाच असतो, सहा वाजून गेले की सूर्य गेला. गणित बसतंय, पण एक पंक्चर झालं की ते कोसळतं. घाटात अंधार करायचा नाही हे माझ्याकडून पक्कं आहे, त्यावर चर्चा नको.

खरी अडचण उन्हाची आहे. आपले घाट पश्चिमेला तोंड करून उतरतात. सकाळी डोंगराच्या सावलीत रस्ता उशिरापर्यंत दवाने ओला राहतो, झाडीतल्या वळणांवर शेवाळ असेल तर ते वाळतच नाही. आणि दुपारी चारनंतर उतरायला लागलं की ऊन सरळ डोळ्यांत, हेल्मेटची काच स्वच्छ नसेल तर पुढचा खड्डासुद्धा दिसत नाही. म्हणून सकाळी चढ, भर दुपारी उतार असं बसवावं असं मला वाटतं. पण घाट चार आहेत, दुपार एकच.

तर विचारायचं हे, की फेरी याच दिशेने बरी की उलटी? भुईबावडा अरुंद म्हणून तो चढायला ठेवलाय आणि रुंदीकरण झालेला करूळ उतरायला, हे बरोबर आहे ना? अणुस्कुऱ्याचा रस्ता यंदाच्या पावसानंतर कसा आहे? आणि चारांतला एक गाळायचाच झाला तर कोणता? "घरी बसा" हा सल्ला बायकोने आधीच दिलेला आहे.

पाचलकर
दिशा बदलू नका. उलटं आलात तर आंबा घाट शेवटी उतरावा लागेल, तोही कोल्हापूर-रत्नागिरीच्या ट्रकांमागे आणि समोरून ऊन.

घाट गाळायचा विचार घरी बसून करूच नका, तो राजापुरात करा. तुमचा मार्ग म्हणजे आठचा आकडा आहे आणि राजापूर त्याच्या गाठीवर. तिथून घर ६५ किलोमीटरवर. पहाटे फटफटल्याबरोबर निघालात तर मलकापूरला सव्वानऊ, राजापूरला बारा. बारा वाजून गेले असतील तर गाडी सरळ लांज्याकडे वळवायची. आंबा आणि अणुस्कुरा झालेलेच असतील, तेवढ्यानेही अंग बोलतं. परतीला वाकेडच्या अलीकडे महामार्गाचं काम कुठे कसं वळवलंय याचा भरवसा नाही, त्याला अर्धा तास जास्तीचा ठेवा.

अणुस्कुरा रहदारीने शांत आहे, पण म्हणूनच फसवा. वळणावर कुणी येत नाही अशी सवय लागते आणि तेवढ्यात एसटी येते. तिला पूर्ण वळण लागतं, आपण अलीकडेच डावीकडे थांबून तिला जाऊ द्यायचं. कडेच्या दरडीतून सुटलेली बारीक खडी वळणाच्या पोटात साचते, तिथे पुढचा ब्रेक लावायचा नाही, वेग आधीच उतरवायचा. मोबाईलला रेंज मिळेल असं धरून चालू नका.

घाटावरचा
ब्रेकचं सांगतो. ज्या गिअरने तो घाट चढला असता त्याच गिअरने उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरलात तर युनिकॉर्नचा मागचा ड्रम तापून ढिला पडतो. दाबा, सोडा, दाबा, सोडा. पुढच्या डिस्कचं ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर आधी बदला. ते हवेतली ओल पितं, तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत आत जातं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणारे महाभाग आपल्यात आहेत, मेहुणा त्यातला नसावा ही अपेक्षा.

मलकापूर आणि गगनबावडा दोन्हीकडे तेव्हा ऊसतोड जोरात असते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि चुरगळलेल्या उसाचा रस्त्यावर चिखल. ओव्हरटेक करताना एक ट्रॉली मोजून निघाल तर दुसरी समोर असते. गगनबावड्याला संध्याकाळी थांबू नका, गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर हॉर्न नाही, थांबायचं.

तळेरेकर
एका दिवसात चार घाट? घाई कित्याक? 🙂 पण जातच असाल तर राजापूरला भरल्या पोटी भुईबावडा चढू नका. सुरमई थाळी जेवलेला माणूस खारेपाटणच्या पुढे हमखास पेंगतो. घावणे नाहीतर मिसळ खा, मासे रात्री घरी. टाकी राजापूरलाच भरा. भुईबावडा अरुंद आहे, चढायला ठेवलात ते योग्यच. समोरून कुणी उतरत असेल तर वाट चढणाऱ्याची असते, पण हे समोरच्याला माहीत आहे असं समजू नका. करूळ सुरू आहे की नाही ते आदल्या दिवशी वैभववाडीत कुणाला तरी फोन करून विचारा. दरड पडली की बंद होतो आणि फलक मात्र गगनबावड्यात गेल्यावरच दिसतो.

(धागाकर्ता)
पाचलकर, आठच्या आकड्याचं डोक्यातच आलं नव्हतं, झकास. आता तसंच करतो. मेहुण्याला राजापूरची वेळ कळवली तर तो म्हणतो बारा नको, साडेबारा करू. बाराच राहणार. ब्रेक ऑइल या शनिवारी बदलून घेतो, त्याच्या गाडीचंही.

तळेरेकर, एकच राहिलं: वैभववाडीत पंक्चरवाला दुपारी एक ते चार उघडा असतो का, की तोही जेवून झोपतो?