बेस म्युझिकचे नवे रिलीज: १२ इंची हवीच, की आता पुरे?

खर्ज
डबस्टेप असो की जंगल, बेस म्युझिकचे नवे रिलीज हल्ली थेट बॅन्डकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर येतात. रेकॉर्ड निघाली तर निघाली. माझं मत उलट आहे. ज्या लेबलला झेपतं त्याने १२ इंची रेकॉर्ड काढावीच, आणि ती हौस म्हणून नव्हे. लेथवर, म्हणजे रेकॉर्डची खाच कापणाऱ्या यंत्रावर, ट्रॅकची लबाडी चालत नाही. सब (सगळ्यात खालचा बेस) स्टिरिओत पसरवला आणि डावी-उजवी बाजू उलट फेजमध्ये गेली (एकीची लहर वर तेव्हा दुसरीची खाली), की कापणारी सुई आडवी हलायच्या ऐवजी वर-खाली हलते. खाच एके ठिकाणी खोल जाते, दुसऱ्या ठिकाणी इतकी उथळ होते की वाजवताना पिन उडते. म्हणून कटिंग इंजिनिअर साधारण १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (दोन्ही बाजूंना सारखं) करतो, तिखट हाय-हॅट (झांजेचा आवाज) डी-एसर या उपकरणाने दाबतो. ४५ आरपीएमवर एका बाजूला ५-६ मिनिटांचा एकच ट्रॅक ठेवला की खाचा ऐसपैस बसतात आणि लेव्हल दणदणीत मिळते.

डबस्टेपचे निर्माते माला, कोकी आणि लोफा यांनी २००४ मध्ये डीएमझेड लेबल सुरू केलं. त्या काळात दक्षिण लंडनच्या ट्रान्झिशन स्टुडिओत ट्रॅक आधी डबप्लेटवर (एकाच प्रतीच्या चाचणी रेकॉर्डवर) कापून घ्यायचे, क्लबात वाजवायचे, खर्ज उभा राहिला नाही तर परत मिक्सवर बसायचे. फाइल अपलोड करायच्या आधी ही चाळणी आज कोण लावतं?

फेडर_खाली
चाळणी हवी हे मान्य, पण तिच्यासाठी कारखाना कशाला? १५० च्या खाली मोनो करायला एक प्लगइन आणि दहा सेकंद लागतात. ते करायलाच हवं, कारण क्लबातले सब स्पीकर बहुतेक मोनोतच जोडलेले असतात. उलट फेजमधला बेस तिथे जागच्या जागी गायब होतो. म्हणजे तुमची शिस्त सिस्टिमच शिकवते.

आता माध्यमाचं बघा. १२ इंचीच्या बाहेरच्या कडेला ४५ वर खाच सेकंदाला साधारण ६९ सेंटिमीटर वेगाने पिनखालून जाते, लेबलजवळ जेमतेम २८. ३३ वर तर २१. म्हणजे बाजू संपत येते तसे हॅट चुरचुरायला लागतात. शिवाय कापताना बेस कमी करून ठेवतात आणि वाजवताना फोनो स्टेज (पिनचा सिग्नल मोठा करणारा प्रीअॅम्प) तो परत वर उचलते, २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल. त्याबरोबर डेकची (टर्नटेबलची) घरघरही उचलली जाते.

आणि पैसे? लॅकर (खाच कापायची मूळ तबकडी), प्लेटिंग (तिच्यावरून धातूचा साचा), टेस्ट प्रेसिंग (चाचणी प्रती), मग ३०० प्रती. लेबलचे पैसे महिनोन्महिने अडकतात. ६ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियातला लॅकर बनवणारा अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला, तेव्हा लॅकरसाठी जगभरच्या नजरा जपानच्या एका कंपनीकडे लागल्या. इतक्या नाजूक साखळीवर मिनिटाला १४० ठोक्यांचा ताजा डबस्टेप ट्रॅक टांगायचा? पुण्यात बसून एक रेकॉर्ड मागवा, टपाल आणि कस्टम्स धरून बरेचदा रेकॉर्डपेक्षा वरचा खर्च जास्त.

कडप्पा
घरघरीचा दोष रेकॉर्डवर ढकलू नका, तो मांडणीचा आहे. सबच्या डोक्यावर डेक ठेवले की फीडबॅक येणारच. टेबलावर कडप्प्याची जाड लादी, तिच्याखाली अर्धे कापलेले स्क्वॉशचे चेंडू, चार कोपऱ्यांना चार, मधे झोल येत असेल तर पाचवा. डेक लादीवर. टेबल आणि सबचे स्टॅक एकमेकांना टेकता कामा नयेत.

साउंडचेकला रेकॉर्ड थांबलेली ठेवून पिन तिच्यावर टेकवा, फेडर पूर्ण वर, मग गेन हळूहळू वाढवा. सेटमध्ये लागणाऱ्या लेव्हलच्या आतच 'हूऽऽ' सुरू झालं, तर आधी लादी-चेंडू तपासा, नंतर साउंडवाल्याला ३० हर्ट्झचा हायपास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावायला सांगा. उलट क्रमाने केलंत तर बेस जातो आणि फीडबॅक राहतो. टोनआर्मचं वजनही बघा. पिन उडते म्हणून लोक वर नाणं चिकटवतात आणि खाच खरवडतात.

ध्वनी_धिंगाणा
डिजिटलवाल्यांनीही फार साळसूद होऊ नये. विकत घेतलेली २४ बिट वेव्ह फाइल लॅपटॉपवर छान वाजते, जुन्या सीडीजेवर (डीजेंच्या डिजिटल प्लेअरवर) 'ई-८३०५' ही एरर दाखवून बसते. बऱ्याचदा आवाजात काही बिघाड नसतो. फाइलचा हेडर (सुरुवातीची माहिती) 'एक्स्टेन्सिबल' प्रकारचा असतो आणि प्लेअर तो ओळखत नाही. एआयएफएफमध्ये बदलली की झालं. फ्लॅक फाइल सीडीजे-२००० नेक्सस २ वर चालते, मूळ २००० वर नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ करून न्या, एक्सफॅट जुन्या मशीनला दिसतच नाही.

आणि लाउडनेस! लेथला सपाट ठोकलेला मास्टर (अंतिम तयार ट्रॅक) नको असतो, म्हणून तिथे वेगळा, मोकळा मास्टर जातो. अपलोडला मात्र लिमिटरने (आवाजाचे उंच शेंडे कापणाऱ्या उपकरणाने) इस्त्री केलेला. किक आणि सब एकाच उंचीचे, मग ड्रॉपला धक्का कुठून बसणार? या एका मुद्द्यावर मी खर्ज यांच्या बाजूने.

फेडर_खाली
@ध्वनी_धिंगाणा, तुमची सगळी दुखणी फाइल बदलून पाच मिनिटांत बरी होतात. ३०० प्रती मधलं भोक सरकलेल्या आल्या तर काय बदलणार? आणि मोकळा मास्टर हवा तर तोच अपलोड करा, कोणी हात धरलाय?

बॅन्डकॅम्प डिजिटलवर १५ टक्के घेतं, ठरावीक शुक्रवारी, 'बॅन्डकॅम्प फ्रायडे'ला, तेही सोडतं. पेमेंटचा खर्च तेवढा वेगळा. निर्मात्याच्या हातात त्याच आठवड्यात काहीतरी पडतं. 'फक्त व्हायनल' म्हणून काढलेली रेकॉर्ड आठवडाभरात संपते आणि महिन्याभरात डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या ऑनलाइन बाजारात तिप्पट भावाला दिसते. त्यातला छदाम निर्मात्याला मिळत नाही.

खर्ज
'फक्त व्हायनल'ची वकिली मी केलेलीच नाही. फाइल त्याच दिवशी द्या, चार आठवडे अडवून ठेवण्यात अर्थ नाही. प्रती १०० च काढा. छापील कव्हर नको, पांढरं लेबल आणि रबरी शिक्का पुरे. प्री-ऑर्डरने खर्च निघत नसेल तर लेथकडे जाऊच नका, इथवर तुमचं ऐकतो.

पण भोक सरकलेलं टेस्ट प्रेसिंगलाच कळतं, ऐकणारा हवा. सबवर लक्ष देऊ नका, तिथे पटकन कळत नाही. लांब पॅड (सिंथचा लांबलेला सूर) किंवा पियानो असलेली जागा लावा. ४५ वर प्रत्येक १.३ सेकंदाला सूर डुलत असेल तर प्रेसिंग परत पाठवा. टिकटिकही दोन प्रतींवर एकाच जागी आली तर स्टॅम्परचा (छापणाऱ्या साच्याचा) दोष, एकाच प्रतीवर असेल तर ती प्रत खराब. कारखान्याला कळवताना बाजू, मिनिट, सेकंद लिहा. 'आवाज बरोबर नाही' एवढंच लिहिलं तर ते छापून मोकळे होतात.

फेडर_खाली
आणि हे सगळं होईपर्यंत तो ट्रॅक सगळ्यांच्या पेनड्राइव्हवरून उतरलेला असतो.