बडोद्याहून जाऊन वलसाडजवळच्या तिथल गावच्या किनाऱ्याची धूप मोजायची आहे, साधी पद्धत कोणती?

रावपुरा_७: दहा-बारा जण आहोत. दर महिन्याला तिथलला जाऊ शकतो. महागडं उपकरण नको. कावी-कंबोई जवळ पडेल, तिथे चालेल का?

दांडियाबाजारकर: कंबोईला नको. खंभातच्या आखातात भरती वेगाने चढते आणि चिखलात पाय रुततो. तिथलच बरं.

एमरी पद्धत वापरा. १.५ मीटरच्या दोन काठ्या, सेंटिमीटरच्या खुणा वरून खाली, आणि दोन्ही काठ्यांमधलं अंतर ठेवायला २ मीटर दोरी. न हलणाऱ्या पक्क्या खुणेपासून (जुनी भिंत, पायरी) काठ्या पाण्याच्या दिशेने सरकवत न्या. उतार असेल तर समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा आणि ती रेषा जमिनीकडच्या काठीवर जिथे लागते तो आकडा घ्या, तेवढी घट. चढ असेल तर उलट: जमिनीकडचं टोक, समुद्राकडचा आकडा. हे आकडे जोडत गेलं की किनाऱ्याच्या उताराचा आलेख तयार होतो. चिन्ह (चढ +, घट −) चुकलं की सगळा आलेख बिघडतो, म्हणून + किंवा − जागेवरच लिहा.

मांडवी_वडोदरा: काठीच्या बुडाला लाकडी चकती ठोका, नाहीतर ओल्या वाळूत काठी खचते. धुरकट हवेत क्षितिज दिसत नाही. तेव्हा पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घ्या, मात्र बुडबुडे काढून.

दांडियाबाजारकर: आणि अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत, ओहोटीलाच जा. पावसाळ्यात वाळू जाते, हिवाळ्यात बरीचशी परत येते. त्यामुळे जूनची तुलना जूनशीच करा.

रावपुरा_७: नळीचं लक्षात आलं. काठ्या आजच कापतो.