आईची एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) आलीय, घरी ऑक्सिजन मशीन कुठलं घ्यावं?

माणदेशी: आई ६८ वर्षांची. चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक, बिडीला कधी हात नाही, तरी सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार). धाप वाढली म्हणून चार दिवस ॲडमिट होती. घरी सोडतानाची एबीजी: पीएच (कमी म्हणजे रक्तात आम्ल जास्त) ७.३६, कार्बन डायऑक्साइड ५८, बायकार्ब (आम्ल शमवणारा क्षार) ३२, ऑक्सिजन ५४. डॉक्टरांनी घरी मिनिटाला १ लिटरवर ऑक्सिजन लावायला सांगितलाय. बजेट ३५ हजार. गावात दोन-तीन तास लाइट जाते. तो ५८ बघून माझी झोप उडालीय.

सह्याद्री७: सरळ १० लिटरचं घ्या. बाबांना कोविडमध्ये ७० हजारांना घेतलं, अजून ठणठणीत आहे. लहान घेतलं की पस्तावाल.

माणदेशी: दादा, बजेट ३५ आहे.

खडीसाखर: १ लिटर लागतंय तिथे १० कशाला? माझ्या सासऱ्यांना दम लागला म्हणून घरातल्यांनी बटण ५ वर नेलं. ऑक्सिमीटरवर ९८ दिसल्यावर सगळे निर्धास्त. संध्याकाळी ते हाकेला ओ देईनात. कार्बन डायऑक्साइड ९० निघाला, दोन दिवस बायपॅपवर (मास्कने श्वासाला जोर देणारं मशीन) होते. सीओपीडीत ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ च्या वर नेऊ नका.

सह्याद्री७: बाबांना आम्ही ९६ वर ठेवायचो, काही झालं नाही.

खडीसाखर: त्यांना कोविड होता हो, सीओपीडी नव्हता!

रात्रपाळी_सिस्टर: आयसीयूत रोज एबीजी बघते. नुसता ५८ बघू नका, शेजारचा पीएच बघा. कार्बन डायऑक्साइड हळूहळू साठत गेला की किडनी बायकार्ब धरून ठेवते, कार्बन डायऑक्साइड १० ने वाढला की बायकार्ब साधारण ४ ने. आईंचा ४० वरून ५८ झाला, म्हणजे बायकार्ब २४ वरून ३१ च्या आसपास हवा. आहे ३२. हे दुखणं जुनं आहे, शरीराने सांभाळून घेतलंय. एकदम चढला असता तर बायकार्ब २६ च्या आसपास राहून पीएच ७.३० च्या खाली गेला असता. पुढे कधी पीएच ७.३५ च्या खाली आला किंवा आई गुंगीत वाटल्या, तर घरी थांबू नका. सॅम्पल घेताना ऑक्सिजनची नळी चालू होती का, तेही विचारा. ऑक्सिजनचा ५४ हा आजारपणातला आकडा आहे. तब्येत बसली की दोन-तीन महिन्यांनी परत एबीजी करा. तेव्हाही ५५ किंवा खाली राहिला तर दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन लागतो.

चिंचेचं_झाड: मनगटातली ती सुई फार दुखते. आमच्या आत्याला तीनदा टोचली. आधी भूल द्यायला सांगा.

सह्याद्री७: लाइट जाते म्हणताय, मोठा इन्व्हर्टरही घ्या. ५ लिटरचं मशीनसुद्धा ३५० वॉट ओढतं.

खडीसाखर: ५ लिटरचं नवं घ्या, सर्व्हिसिंग जवळ असेल तेच. आणि चूल बंद केली का?

सह्याद्री७: चुलीच्या भाकरीने कुणी आजारी पडत नाही.

रात्रपाळी_सिस्टर: भाकरीने नाही, धुराने पडतं.

चिंचेचं_झाड: नळी लावून देवापुढे निरंजन लावू देऊ नका, आग लागते.

माणदेशी: विकत काहीच घेतलं नाही. ५ लिटरचं तीन महिन्यांसाठी भाड्याने आणलं, महिना ४ हजार. लाइट गेल्यावर लागेल म्हणून छोटा सिलिंडर भरून ठेवलाय. सॅम्पल रूम एअरवरच, म्हणजे ऑक्सिजन न लावता घेतलं होतं. दुसरी एबीजी आली की विकत घ्यायचं ते ठरवेन. बटण १ वर ठेवून वरून चिकटपट्टी मारलीय. देव्हारा ओसरीत हलवला, आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी ऑक्सिमीटरवर ९० होतं.

सह्याद्री७: भाड्याचे पैसे वाया जातात, लिहून ठेवा.