पुन्हा: सप्टेंबरची सहल – डेल्स की बाराबू?

मंडळी,
यंदाही विस्कॉन्सिन डेल्सचं वॉटर पार्कच ठरतंय, हे वाचून मी गप्प बसणार होते. पण डेल्सच्या अलीकडेच बाराबू गाव आहे आणि तिथल्या इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनमध्ये क्रौंचकुळातल्या (क्रेन म्हणजे क्रौंच) जगातल्या सगळ्या, म्हणजे 15 जाती एकाच आवारात आहेत. अशी जागा दुसरीकडे कुठेच नाही. आपला सारस आहे, आफ्रिकेतले तुरेवाले आहेत, डोक्यावर लाल टोपी घातलेला जपानी आहे. सकाळी पक्षी आणि दुपारी मुलांना पाणी, असं जमवता येईल का?
– मिलवॉकीची ताई

ताई,
लांब तंगड्यांचे 15 पक्षी बघायला तीन तास गाडी हाकायची? संच पूर्ण करण्याची ही हौस मला पोस्टाच्या तिकिटांसारखी वाटते. आणि बगळे काय, आमच्या घरामागच्या तळ्यावरही उभे असतात!
– नेपरव्हिलचे काका

काका,
बगळा मान दुमडून उडतो, क्रौंच मान सरळ ताणून. नोव्हेंबरात तुमच्या डोक्यावरून खर्जात ओरडत जे थवे जातात ना, ते सँडहिल क्रेन. बघा एकदा वर.

तिकिटांचं म्हणाल, तर 1973 मध्ये जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सॉवी या दोन मित्रांनी सॉवींच्या घरच्या घोड्यांच्या फार्मवर हे सुरू केलं, ते रानातले पक्षी संपले तर बेण्याला तरी हाताशी असावेत म्हणून. हूपिंग क्रेन, म्हणजे उत्तर अमेरिकेतले पांढरे क्रौंच, 1941 मध्ये रानात फक्त 21 उरले होते! टेक्स नावाची एक मादी माणसांतच वाढलेली, तिला जोडीदारही माणूसच हवा. मग आर्चिबाल्ड स्वतः तिच्यासमोर उड्या मारत नाचायचे, आठवडेच्या आठवडे. त्यानंतर कृत्रिम रेतनातून 1982 मध्ये एक पिल्लू जगलं, त्याचं नाव जी-विझ. टेक्सला मात्र त्याच वर्षी रॅकूननी मारलं. पिल्लाला माणूस आपला वाटू नये म्हणून आता त्याला भरवणारे पांढरा झगा पांघरतात आणि हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरतात.

आणि साधे भाऊबंदही लागतातच. छोट्या विमानामागे उडवून पिल्लांना स्थलांतराची वाट शिकवायचा प्रयोग विस्कॉन्सिनमधल्याच नेसीडा अभयारण्यातून आधी सँडहिलवर करून पाहिला, मगच 2001 मध्ये हूपिंगची पिल्लं फ्लोरिडाकडे नेली. दुर्मिळावर पहिला हात कोण चालवेल?
– ताई

नमस्कार,
मी एरवी फक्त वाचतो, आज लिहितोय. आम्ही मूळचे गोंदियाचे. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे, तेही मोजकेच. धानाच्या बांधीत घरटं करतात. नर एकदा ओरडला की मादी दोनदा उत्तर देते, आजी त्यावरून आजोबांना चिडवायची.

बाबा सध्या माझ्याकडे मॅडिसनला आलेत. ऐंशीच्या दशकात त्यांनी भरतपूरला सायबेरियन क्रौंच पाहिले होते. 2002 नंतर तिथे एकही आलेला नाही. ताईंची मेल वाचून दाखवली, तर म्हणाले, पंखांची काळी टोकं तो उडतानाच नीट दिसतात, कुंपणात काय दिसणार? त्यांचं खरं आहे. पण पाच मिनिटांनी विचारलं, सहल कधी आहे.
– मॅडिसन

बरं बाबा, आधी बाराबू. माझ्या गाडीत तीन जागा आहेत. मॅडिसन वाटेवरच आहे, तिथून बाबांना मी घेतो, पुढची सीट त्यांची. दुर्बीण कुणाकडे जास्तीची आहे का? माझी एक काच तडकली आहे.

आणि ताई, तळ्यावर आत्ताच जाऊन आलो. बगळाच आहे.
– काका