मदत हवी आहे: 'द अपार्टमेंट'वरची टीका कुठे वाचायला मिळेल?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही काही जण जुने सिनेमे बघून चर्चा करतो. या वेळी बिली वाइल्डरचा 'द अपार्टमेंट' (1960) आहे आणि सुरुवात मला करायचीय. 5 ऑस्कर मिळालेला सिनेमा, त्यामुळे कौतुक ढीगभर सापडतं. मला टीका हवीय. बढतीसाठी साहेबलोकांना त्यांच्या लफड्यांसाठी स्वतःच्या फ्लॅटची किल्ली देणाऱ्या कारकून बॅक्स्टरला सिनेमा फार सहज माफ करतो का? त्याच्या ऑफिसातली लिफ्ट चालवणारी, साहेबाच्या प्रेमात फसलेली फ्रॅन झोपेच्या गोळ्या घेते, त्यानंतरही विनोद चालूच राहतो, ते मला खटकतं. फ्रॅनच्या तडा गेलेल्या आरशात बघताना बॅक्स्टरला सगळं उमगतं, तो प्रसंग मात्र लई भारी! नोकरदार बायकांच्या बाजूनं कुणी यावर लिहिलंय का? करवीर नगर वाचन मंदिरात मिळेल असं काही मराठीत असेल तर नक्की सुचवा.